उभी होडी जास्त पाणी पिते

माझं मूळ गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला, एसटी जिथून वळून माघारी जाते तिथून पुढं तासभर चालत. घरी खाली भाताचं खाचर आणि वर उतारावर नाचणी-वरी, आमी चार भाऊ, त्यात मी तिसरा, म्हणजे थोरल्याचं जुनं मधल्याला आणि मधल्याचं फाटलेलं मला. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढची लांब होती आणि मलाही ओढ नव्हती, खोटं कशाला बोलू. डोकं गरम पहिल्यापासून. एकदा आंब्यांच्या वाट्यावरून मधल्या भावाशी भांडलो, बापाने मलाच मारलं, तसा उठलो आणि चालत मुरबाडला आलो, तिथून कल्याणला, आणि एका बॅटरीच्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली लागलो. उस्ताद मोजकं बोलायचा आणि चापट न मोजता द्यायचा. पण आज जे दोन घास खातोय ते त्याच्याच हातचे, हे मी कुणालाही सांगतो.

उस्तादाचा एक नियम होता, तो तुमाला आधीच सांगून ठेवतो कारण पुढची सगळी गोष्ट त्यातून निघते. बॅटरीच्या अंगावर वायरी दोन, एक जाणारी, एक येणारी, तिसरी दिसली की काढ. का, तर ट्रकवाले लोक पंखा, टेप, देवाच्या फोटोची लायटिंग सगळं थेट बॅटरीला चिकटवतात, मग गाडी उभी असली तरी बॅटरी आतल्या आत खलास होते आणि सकाळी शिव्या मेकॅनिकला. म्हणून तिसरी वायर काढायची, विचारायचं पण नाय. मी पुढं शहापूरला हायवेच्या कडेला, आटगावच्या अलीकडं, माझा स्वतःचा पत्रा टाकला तेव्हाही हाच नियम. किती वर्षं झाली मोजत नाय, पण नाशिककडं जाणारे ट्रकवाले बाळाराम बॅटरीवाला कुठं बसतो ते झोपेतही सांगतील. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा माणूस दोन्ही तालुक्यांत नाय, आणि तोंड फाटकं, हे आमची बायकोच सांगते, मी कशाला लपवू.

आता होडीचं. आमच्याकडं धरणं चिक्कार, पाणी सगळं मुंबईला. अशाच एका धरणाच्या फुगवट्यापलीकडं एक वाडी आहे, चाळीसेक घरांची, आमी तिला पल्याडची वाडी बोलतो. रस्त्याने यायचं तर डोंगराला वळसा, आणि पावसाळ्यात तो पण बंद, त्यामुळं बाजार, दवाखाना, हायस्कूल, सगळं पाण्यावरून. आधी वल्ह्याची होडी होती, वारा सुटला की बंद. मग एका संस्थेने बॅटरीवर चालणारी होडी दिली, पिण्याचं पाणी आहे म्हणून डिझेल नको. वर छपरावर सोलर, फळीखाली पेटीत चार मोठ्या बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या, प्रत्येकीला सहा खाने, म्हणजे एकूण चोवीस झाकणं. चालवायला वाडीतलीच कमळवैनी. नवरा मुरबाडला कंपनीत, ही शेती बघून होडी चालवायची, हात असा स्थिर की पाण्यावर रेघ मारावी. आणि देखभालीला जवळचा बॅटरीवाला कोण, तर मी. संस्थेच्या इंजिनियर साहेबांशी दोन तास घासाघीस करून मी ते काम घेतलं. साहेब तरुण, पुण्याकडचे, मला काका बोलायचे. मला ते काका पण टोचायचं, पण सोडा.

पहिल्या सर्व्हिसिंगला मी पेटी उघडली, बॅटऱ्या पुसल्या, टोकं घासून व्हॅसलिन लावली, आणि बघतो तर मधल्या एका बॅटरीच्या अंगाला टेपने चिकटवलेली एक बारीक काळी वायर, टोकाला मण्याएवढं काहीतरी. ना ती जाणारी ना येणारी. आता उस्तादाचा नियम काय? तोडली नाय एवढंच, नवीन माल होता म्हणून. टेप सोडवली, वायर पेटीच्या भोकातून बाहेर काढली आणि होडीच्या कडेला खाली जो लोखंडी दांडा आहे, पाण्याच्या अगदी वितभर वर, त्याला बांधून टाकली. वर शान मारून वैनीला सांगितलं, बघा, आता कसं स्वच्छ दिसतंय.

तिथून बॅटऱ्या पाणी प्यायला लागल्या. तशा या बॅटऱ्या पाणी पितातच, ते चूक नाय, चार्ज होताना आतलं थोडं पाणी वाफेसारखं वायू होऊन उडतं, महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल वॉटर टाकायचं. पण इथं आठवड्याला कॅन लागायला लागले. ते डिस्टिल वॉटर मीच विकायचो, हे पण सांगून टाकतो, कारण पुढं तेच माझ्या तोंडावर मारलं गेलं. आणि कमळवैनी खाने भरायची ते काठोकाठ. मी ओरडायचो, अहो वैनी, खुणेपर्यंत भरा, वर नका जाऊ. ती बोलायची, आमच्या वाडीत अर्धा हंडा घेऊन घरी आलेली सून दारातच बोलणी खाते, माझा हात नाय थांबत. मग चार्जिंगला लागलं की काठोकाठ भरलेलं अॅसिड बुडबुडे होऊन झाकणातून बाहेर, फळीचा रंग गेला, तिच्या लुगड्याचा काठ जळला, आणि आतलं अॅसिड बाहेर जाऊन आत नुसतं पाणी उरलं. एकदा कॅन संपला म्हणून तिने धरणाचं पाणी टाकलं. मी आकाशपाताळ एक केलं. तर ती मलाच बोलली, काय ओ शेठ, हे पाणी अख्खी मुंबई पिते, तुमच्या बॅटरीला चालत नाय? लय खानदानी दिसते. होडीतल्या बायका हसल्या, मला पण हसू आलं, पण राग दाखवायची सवय, दाखवला.

दीड वर्षात चारही बॅटऱ्या गेल्या. प्लेटा उघड्या पडून वाळल्या, होडी मधल्या पाण्यात बंद पडली, आठ माणसं वल्ह्याने परत आणावी लागली. वाडीत देवळासमोर बैठक बसली, संस्थेचे लोक आले, साहेब आले. आणि सगळ्या वाडीपुढं, बायकापोरांपुढं, साहेब बोलले की काका पाणी विकून जगतात, त्यांच्या बॅटऱ्या तहानलेल्याच राहणार. लोक हसले. मी तीस वर्षं हायवेला बसलोय, मला कोणी चोर बोललं नव्हतं. मी उठलो, तोंडाला येईल ते बोललो, तुमच्या बॅटऱ्याच भंगार आहेत बोललो, आणि निघालो. मग संस्थेने नवीन चार बॅटऱ्या दिल्या पण अट घातली, की या पण अशाच गेल्या तर होडी उचलून दुसऱ्या धरणावर नेणार, तिकडं मागणी आहे. आता सांगा, माझी इज्जत राहिली बाजूला, पल्याडच्या माणसांनी परत वाऱ्याची वाट बघत काठावर बसायचं?

मी काम सोडणार होतो. बायको बोलली, सोडलंत तर तो बोलला ते खरं होईल. हे तिने भाकरी थापता थापता सांगितलं, वर मान पण नाय केली. आणि दुसऱ्या दिवशी कमळवैनी स्वतः दुकानात आली, होडी, मग सहा आसनी जीप, एवढं करून. बोलली, शेठ, पाणी आता मी नाय भरणार, तुमी नाय भरणार, दोघं मिळून भरायचं, कधी किती लागलं ते दोघांनी बघायचं. मी बोललो, माझा एवढा टाइम कुठं? ती बोलली, मग तुमचं पाणी विकायचंच काम चालू ठेवा. तिच्यापुढं माझी घासाघीस कधी चालली नाय, त्याही दिवशी नाय.

मग आमी शहाणपणाने सगळं केलं. चार्ज पूर्ण झाल्यावरच पाणी टाकायचं, आधी नाय, आधी फक्त प्लेटा बुडण्यापुरतं, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. लांब नळीच्या बाटलीने खुणेपर्यंत, वैनीने त्या नळीला दोरा बांधला, दोरा खान्याच्या तोंडाला टेकला की हात थांबवायचा, आणि थांबला. पेटीला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली, गरम हवा जायला. झाकणं धुतली, त्यांची बारीक छिद्रं मोकळी केली. कॅन मी स्वतः शहापूरच्या चांगल्या ठिकाणाहून आणला, माझा जुना माल बंद. उतू जाणं बंद झालं, अॅसिड सांडणं बंद झालं. पण पाणी? पहिल्याहून कमी, पण तरी जास्तच.  नवीन बॅटऱ्या पण त्याच वाटेने चालल्या होत्या आणि मला कळत नव्हतं का.

तेव्हा वैनी एक गोष्ट बोलली. बोलली, शेठ, ज्या आठवड्यात जास्त फेऱ्या होतात त्या आठवड्यात पाणी कमी लागतं, आणि शाळेला सुट्टी लागली, होडी काठाला नुसती उभी राहिली, की जास्त लागतं. उभी होडी जास्त पिते, चालती कमी पिते. मी बोललो, असं कसं होईल, काम केल्यावर तहान लागते. ती बोलली, माणसाला. बॅटरी माणूस आहे का?

ते वाक्य माझ्या डोक्यात घुसलं ते निघेना. उभी होडी म्हणजे भरलेली बॅटरी आणि वर दिवसभर ऊन, म्हणजे पोट भरलेलं असताना वरून सोलर अजून कोंबतंय, आणि कोंबलेलं सगळं पाणी फोडण्यात जातंय. पण ते कोंबणं थांबवायला तर कंट्रोलर असतो, छपराखाली लावलेला तो छोटा डबा, त्याचं कामच ते, भरलं की हात आखडता घेणं. मग तो का थांबत नाय? मी भर दुपारी मीटर घेऊन होडीत बसलो. बॅटऱ्या हाताला गरम, चांगल्या गरम, आणि मीटरवर एकोणसाठ व्होल्टच्या वर. गरम बॅटरीला दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी लागतो, एवढं तर मला पण कळतं, इथं तर थंडीतल्या बॅटरीला द्यावा तेवढा चालला होता. मी बोललो, साहेबाचा डबाच खराब, बघा, मी बोललो होतो ना! मला आनंद झाला, खरं सांगतो, बॅटऱ्या मरत होत्या आणि मला आनंद झाला.

वैनी मागं सुकाणूजवळ बसली होती. ती हळूच बोलली, शेठ, ती मण्याची वायर कशाची हो? होडी आली तेव्हा ती बॅटरीला चिकटवलेली होती. तुमीच बाहेर काढलीत.

मी तिच्यावर ओरडलो. तुमी मला बॅटरी शिकवणार का, तीस वर्षं, उस्ताद, सगळं काढलं.  मग मला दुसरं काही सुचेना म्हणून मी वाकून तो मणी हातात घेतला. थंडगार. पाण्याच्या वितभर वर, सावलीत, लोखंडाला बांधलेला, थंड नाय तर काय असणार. आणि मी तो मुठीत धरून तसाच बसलो, रागाने माणूस काहीतरी मुठीत धरतो तसा. डोळे मीटरवर. मीटर हलला. एकोणसाठ, मग त्याच्या खाली, मग अजून खाली, हळूहळू, आणि अठ्ठावन्नच्या पण खाली आला. मूठ सोडली, मणी परत दांड्याला लावला, तर मीटर परत वर चढायला लागला. परत मूठ, परत खाली.

काय सांगू तुमाला. तो मणी म्हणजे त्या डब्याचा हात होता, बॅटरीच्या कपाळावर ठेवलेला, ताप आहे का ते बघायला. मी तो हात उचलून पाण्याजवळ ठेवला होता. डब्याला वाटत होतं बॅटरी गार आहे, म्हणून तो जोर लावत होता, आणि इकडं पेटीत बॅटरी तापाने फणफणत होती. पहिल्या चार बॅटऱ्या मी मारल्या होत्या. साहेबाने नाय, वैनीच्या काठोकाठ भरण्याने नाय, म्हणजे त्याने पण थोडं, पण मूळ मी.

वैनीने मीटर बघितला, माझी मूठ बघितली आणि बोलली, तुमचं डोकं एवढं गरम की मशीन पण घाबरलं. मी हसलो नाय. ती पण मग हसायची थांबली. बोलली, वायर आत चिकटवून टाका, मी कोणाला सांगायची नाय.

चिकटवली. मधल्या एका बॅटरीच्या अंगाला, टेप मारून, जिथं होती तिथं. पुढचा महिना पाणी जवळजवळ लागलंच नाय. दोरा लावून बाटली धरायची आणि खाना आधीच भरलेला. वैनी हसायची, बोलायची, आज उपास आहे यांचा.

मग तपासणीला साहेब आले, संस्थेचे दोघे आले, परत देवळासमोर बसले. साहेबांनी स्वतः चोवीस झाकणं उघडून बघितली, ग्रॅव्हिटी, म्हणजे अॅसिडचा दाटपणा, मोजली, सगळे खाने सारखे. बोलले, काका, छान, काय केलंत? आता बघा, माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुमच्या डब्यात दोष होता, मी सुधारला. कोणाला कळणार होतं? जो शब्द त्यांनी मला चारचौघांत मारला तो तसाच परत मारता आला असता, आणि मी कित्येक महिने त्या दिवसाची वाट बघत होतो, दुकानात एकटा असताना वाक्यं पाठ करायचो. वैनी समोर बायकांत बसली होती. तिने माझ्याकडं बघितलं पण नाय, चटईची काडी मोडत बसली होती. तिने न बघितल्यामुळंच मला जास्त जड झालं.

मी उभा राहिलो आणि बोललो, पहिल्या बॅटऱ्या माझ्यामुळं गेल्या. ट्रकचा नियम होडीला लावला, मणी काढून बाहेर बांधला. मला ते कळलं ते पण माझ्या अकलेने नाय, या बाईने दाखवलं, आणि मी तिच्यावर ओरडलो होतो. तुमाला मेकॅनिक बदलायचा तर बदला, होडी नेऊ नका.

 मला वाटलं आता बोलतील, गावं बोलतात, आमचं गाव असतं तर बोललं असतं. तर वाडीतला एक म्हातारा, ज्याला पहिल्या वेळी मधल्या पाण्यातून वल्हं मारत यावं लागलं होतं, तो बोलला, ह्यालाच ठेवा. चुकलं ते ह्याला आता ठाऊक झालंय, नवा आला तर तो परत पहिल्यापासून चुकेल. लोक हसले, पण या वेळचं हसणं वेगळं होतं, मला ते लागलं नाय. मग कोणीतरी चहा आणला, काळा, गवती चहा घातलेला, आणि पहिला कप माझ्या हातात दिला. होडी तिथंच राहिली.

साहेब मागाहून बोलले, काका, त्या वायरीचं पुस्तकात लिहिलं होतं, इंग्रजीत होतं, मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. एवढं बोलले. तो पाणी विकण्याचा शब्द मागं नाय घेतला. ते मी मनात ठेवलं, चूक माझी होती ती मी कबूल केली, पण चोर मी नव्हतो. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि माझ्यात दोन्ही उघडे होते.

आता मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. काका, दुसऱ्या धरणावर पण एक होडी दिलीय, तिची बॅटरी फार पाणी पिते, येऊन बघाल का? मी बोललो, येईन, पण माझी अट आहे. तुमी पल्याडच्या वाडीपुढं मला जे बोललात ते आधी परत घ्या.  मग साहेब बोलले, काका, मी काय बोललो होतो? खरंच त्यांना आठवत नव्हतं. खोटं बोलत असते तर माझ्या कानाला कळलं असतं, आयुष्य गिऱ्हाइकांचं खोटं ऐकण्यात गेलंय. मी एवढी वर्षं एक दगड खिशात घालून फिरत होतो आणि ज्याने मारला त्याला तो कधी उचलला हेच माहीत नाय. आता ज्याला आठवतच नाय त्याच्याकडून माफी घेऊन मी ठेवू कुठं? मी बोललो, काय नाय साहेब, सोडा. येतो मी. पण एक करा, वैनीला पण बोलवा, तिच्या येण्याजाण्याचं तुमी बघा, आणि तिथल्या होडीवाल्याला तीच शिकवेल, मी नुसता बसेन. साहेब बोलले, चालेल. घासाघीस न करता चालेल बोलले, मला चुकल्या-चुकल्यासारखंच वाटलं.

वैनीला सांगितलं तर बोलली, मी शिकवायला येईन शेठ, पण तिकडं ओरडायचं नाय. बोललो, नाय ओरडणार. बोलली, तुमच्या बायकोसमोर बोला. म्हणून परवा घरी आली होती, बायकोसमोर बोलायला लावलं, आणि दोघी मिळून मला हसल्या. हसू दे.

मी देवाला फार काही मागत नाय. सात बुकं शिकलेला माणूस मी, डोंगरातून चालत आलो, आणि या वयात मला एका बाईने, एका पाण्यापलीकडच्या वाडीने, चूक कबूल करून पण माणूस म्हणून उभं राहू दिलं. लोकांना एवढं नशीब भेटत नाय. त्यांची होडी चालत राहू दे, मुलं शाळेत वेळेवर पोचू दे, बाया दवाखान्यात वेळेवर पोचू दे, आणि त्या चोवीस खान्यांना हवं तेवढंच पाणी लागू दे. झालं माझं. तुमी आता होडीनेच जाणार ना पल्याड? मग जा, उशीर करू नका, आणि वैनीला सांगा, सोमवारी सकाळी त्या दुसऱ्या धरणाकडं निघायला मी काठावर उभा असेन.